‘जॅझ ऑन अ समर्स डे’चा आवाज बसका का वाटतो, आणि घरी तो नीट कसा ऐकावा

प्रश्न असा आहे. न्यूपोर्ट जॅझ महोत्सवावरच्या, बर्ट स्टर्न यांच्या ‘जॅझ ऑन अ समर्स डे’ या माहितीपटाची जुनी डीव्हीडी घरी आहे. चित्र ठीक, पण आवाज मधोमध अडकलेला, बसका. ५.१ (सहा स्पीकरांचा सराउंड आवाज) लावलं की टाळ्या पाठीमागून येतात, पण गाणारी बाई हौदात उभी राहून गातेय असं वाटतं. त्याच न्यूपोर्ट महोत्सवातल्या कोलंबिया कंपनीच्या स्टिरिओ रेकॉर्डी मात्र स्वच्छ वाजतात. मग डिस्क खराब आहे की चित्रपटाचाच आवाज तसा? आणि नवी ब्लू-रे घेतली तर फरक पडेल का?

चित्रपटाचा मूळ आवाज चांगला आहे. तो मोनो, म्हणजे एकाच चॅनलचा आहे आणि मोनोच ऐकायला हवा. तुम्हाला खटकतंय ते बहुतांशी नंतरच्या माणसांनी त्याच्यावर केलेलं काम आहे. ब्लू-रे जरूर घ्या, पण खोक्यावर ‘४के’ लिहिलंय म्हणून नको. ते चार हजार ठिपके चित्राचे. आवाजाचा हिशेब पूर्ण वेगळा असतो. मी आयुष्यभर जुन्या चित्रपटांच्या ध्वनिपट्ट्यांवर काम करत आलोय आणि हा चित्रपट माझ्या फार जवळचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तो आवाज कुठे जन्मला ते पाहू. १९५८ च्या जुलैची ३ ते ६ तारीख, ऱ्होड आयलंडमधलं न्यूपोर्ट गाव, फ्रीबॉडी पार्क नावाचं उघडं मैदान. जॉर्ज वीन यांनी १९५४ मध्ये सुरू केलेला हा महोत्सव तेव्हा पाचव्या वर्षात होता. उघड्या मैदानाला भिंती नाहीत, छत नाही, म्हणजे आवाज परतून येत नाही. सभागृहात गाणाऱ्याच्या आवाजाला जी गोलाई आपोआप मिळते ती इथे मिळत नाही. माइकमध्ये येतो तो गळा, वाद्य, थोडा वारा, आणि मैदानातल्या लाउडस्पीकरमधून उलटा आलेला तोच आवाज. त्यामुळे तुम्ही ज्याला बसका म्हणता त्यातला काही भाग हा त्या जागेचा खरा कोरडेपणा आहे. तो दोष नाही, आणि तो ‘सुधारायला’ जाणाऱ्यांनीच जास्त नुकसान केलंय.

याच चित्रपटात एक जागा अशी आहे की तिथे हा फरक स्वतः पडताळता येतो. चिको हॅमिल्टन यांच्या वाद्यवृंदातले चेलोवादक नेथन गर्शमन एका खोलीत एकटे बसून बाखच्या पहिल्या चेलो स्वीटचा प्रील्यूड वाजवतात, मध्येच सिगारेट पेटवतात. खोलीतला आवाज, जवळचा, भिंतींची साथ असलेला. तो ऐका आणि लगेच मैदानावरचं एखादं गाणं ऐका. दोन्हीकडे तुमचे स्पीकर, तुमची डिस्क तीच. जर चेलो भरदार लागला आणि मैदान कोरडं लागलं तर तुमची यंत्रणा ठीक आहे. चेलोही पुठ्ठ्यासारखा वाजला तर मात्र दोष डिस्कमध्ये किंवा तुमच्या जोडणीत आहे.

आता कोलंबियाच्या रेकॉर्डींशी तुलना. १९५८ हे साल फार मोक्याचं आहे. मोठ्या कंपन्यांच्या स्टिरिओ एलपी त्याच वर्षी बाजारात यायला लागल्या, आणि कोलंबियाने न्यूपोर्टमधलं बरंच संगीत स्टिरिओत घेतलं. पण चित्रपटगृहातल्या पडद्यामागे त्या काळी बहुतेक ठिकाणी एकच स्पीकर होता, म्हणून चित्रपट मोनोत तयार झाला. संगीताची बाजू जॉर्ज अवाकियन यांनी सांभाळली, कोलंबियात अनेक वर्षं जॅझ घडवलेला माणूस. त्यांचे भाऊ अराम अवाकियन यांनी संकलन केलं, दिग्दर्शनातही त्यांचा मोठा वाटा आहे. म्हणजे रेकॉर्डींच्या जगातले कान या चित्रपटाला पहिल्यापासून लाभले होते. तरी रेकॉर्ड आणि चित्रपट या दोन वेगळ्या वस्तू आहेत हे विसरू नका. जुन्या हिंदी चित्रपटगीतांच्या रसिकांना हे सांगायची गरज नाही. तबकडीवरचं गाणं आणि पडद्यावरचं गाणं कित्येकदा वेगळं असतं, लांबीनेही आणि आवाजानेही.

जॅझमध्ये तर हे आणखी सांभाळून बघावं लागतं. १९५७ च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर ‘द साउंड ऑफ जॅझ’ हा कार्यक्रम झाला. बिली हॉलिडे ‘फाइन अँड मेलो’ गाते आणि लेस्टर यंग उठून दोन ओळींचं शहाणपण वाजवून जातो, तोच कार्यक्रम. त्याच नावाची कोलंबियाची एलपी निघाली, पण ती प्रक्षेपणाची नाही. ती आधी काही दिवस स्टुडिओत वाजवून घेतलेली आहे. प्रक्षेपणाची म्हणून जी प्रत राहिली ती टीव्हीच्या पडद्यावरून फिल्मवर उतरवलेली, किनिस्कोप. दोन्ही ऐकून ‘व्हिडिओचा आवाज का बिघडवला’ असं विचारणारे मला अनेकदा भेटतात. बिघडवला नाही, ते वादनच वेगळं आहे.

न्यूपोर्टचीच त्याहून बोलकी गोष्ट १९५६ ची. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदात पॉल गोन्साल्व्हिस यांनी टेनर सॅक्सोफोनवर सलग २७ आवर्तनं वाजवली आणि मैदान उठून नाचायला लागलं. पण गोन्साल्व्हिस वाजवत होते ते व्हॉइस ऑफ अमेरिका या अमेरिकी सरकारच्या रेडिओच्या माइकसमोर. कोलंबियाच्या टेपवर ते लांबून, पुसट ऐकू येतात. तेव्हाच्या एलपीचा बराच भाग नंतर स्टुडिओत पुन्हा वाजवून, वर टाळ्या चढवून केलेला होता. पुढे व्हॉइस ऑफ अमेरिकाची टेप सापडली, आणि १९९९ मध्ये फिल शाप यांनी त्या दोन मोनो टेपा एकमेकींशी जुळवून एक डाव्या कानाला, एक उजव्या कानाला दिली. एकाच मंचावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन माइकांतून खराखुरा स्टिरिओ तयार झाला. पुनर्स्थापनेचं मला माहीत असलेलं हे सर्वांत सुंदर उदाहरण. इथे नवीन काहीही घातलेलं नाही, जे दोन ठिकाणी पडून होतं ते एकत्र आणलं.

व्हॉइस ऑफ अमेरिकाचे विलिस कोनोव्हर आपल्याकडच्या जुन्या श्रोत्यांना आठवत असतील. शॉर्टवेव्हवर त्यांचा जॅझचा कार्यक्रम मुंबईत आणि गोव्यात रात्री कान लावून ऐकणारे लोक होते. ‘जॅझ ऑन अ समर्स डे’मध्ये थेलोनियस मंक यांची ओळख करून देणारा सावकाश, खोल आवाज त्यांचाच. शॉर्टवेव्हवर ज्यांनी तो खरखरीतून ऐकला, त्यांनी इथे तो जवळून ऐकावा.

चित्रपटाचा आवाज घरापर्यंत येताना सगळ्यात अवघड टप्पा म्हणजे ऑप्टिकल ट्रॅक. ३५ मिमी फिल्मच्या कडेला, चित्र आणि भोकांच्या मधल्या अरुंद पट्टीत आवाज हा प्रकाशाच्या आकारात छापलेला असतो. फिल्म सेकंदाला १८ इंच पळते, एका दिव्यासमोरून जाते, आणि पट्टीतला पारदर्शक भाग कमी-जास्त होतो तसा आवाज होतो. या पट्टीला धूळ, ओरखडे सगळं ऐकू येतं. म्हणून १९३८ पासून अमेरिकेत एक ठरलेली पद्धत होती. चित्रपटगृहातला आवाज साधारण १०० ते १६०० हर्ट्झपर्यंत सपाट ठेवायचा आणि वरचे स्वर मुद्दाम खाली आणायचे. ५ किलोहर्ट्झला सुमारे १० डेसिबल कमी, ८ किलोहर्ट्झला सुमारे १८ डेसिबल कमी. याला अकॅडमी कर्व्ह म्हणतात. खरखर त्यात बुडून जायची. ध्वनिमिश्रण करणाऱ्यांना हे ठाऊक असायचं, म्हणून ते मिश्रण करतानाच वरचे स्वर थोडे उचलून ठेवायचे.

ही एक गोष्ट कळली की घरातल्या निम्म्या तक्रारींचं कारण कळतं. ऑप्टिकल ट्रॅकवरून आवाज घेताना तो कर्व्ह लावलाच नाही, तर उचललेले वरचे स्वर तसेच राहतात. आवाज चिरका होतो, ‘स’ आणि ‘श’ कानात टोचतात, सगळीकडे हिस, म्हणजे सतत चालणारा ‘स्स्स’ आवाज. आणि कर्व्ह पूर्ण लावला, वर आवाज उतरवून घेणाऱ्याने हिस काढणारं यंत्रही जोरात फिरवलं, तर तुमच्या डिस्कसारखा बसका, घोंगडीखालचा आवाज मिळतो. योग्य जागा मधे कुठेतरी असते आणि ती गाणं ऐकूनच ठरवावी लागते. कुठलंही मोजमाप ती दाखवत नाही. शक्य असेल तिथे ऑप्टिकलच्या मागे जाऊन मिश्रणाची मॅग्नेटिक पट्टी शोधणं केव्हाही चांगलं, पण त्या काळच्या ॲसिटेट फिल्मला व्हिनेगरसारखा वास सुटतो, ती आक्रसते, आणि लोहकणांचा लेप असलेली ध्वनिपट्टी तर चित्राच्या आधी जाते. पुण्यातल्या फिल्म आर्काइव्हच्या किंवा कुठल्याही संग्रहालयाच्या माणसाला हा वास आयुष्यभर विसरता येत नाही.

‘स’च्या टोचण्याचं अजून एक कारण आहे. प्रिंट काढताना प्रकाश किंवा रसायन थोडं जास्त झालं की पट्टीतल्या आकाराची टोकं फुगतात, आणि तीव्र स्वरांबरोबर एक फुत्कार चिकटतो. तो नुसता ट्रेबल कमी करून जात नाही. तो तपासायचा असेल तर अनिता ओ’डे लावा. काळा पोशाख, पिसांची मोठी टोपी, हातमोजे, दुपारचं ऊन. ‘स्वीट जॉर्जिया ब्राउन’ ड्रमच्या संथ ठेक्यावर जवळजवळ एकट्या गळ्याने सुरू होतं, आणि पाठोपाठ ‘टी फॉर टू’ भन्नाट लयीत. अक्षरं तुटक, नेमकी, माइकच्या अगदी जवळ. फिल्मवरून नीट उतरवलेल्या प्रतीत ‘ट’ कडक लागतो आणि ‘स’ विरून जातो. वाईटात दोन्ही एकसारखे फुटतात. माझ्या मते संपूर्ण चित्रपटातली ही सर्वांत विश्वासू कसोटी आहे, कारण मानवी आवाजाबाबत आपला कान फसत नाही.

हिस काढण्याच्या अतिरेकाची कसोटी वेगळी. चित्रपट सुरू होतो तो पाण्यावरच्या थरथरत्या प्रतिबिंबांनी आणि जिमी जुफ्री त्रयीच्या ‘द ट्रेन अँड द रिव्हर’ने. सॅक्सोफोन, बॉब ब्रुकमायर यांचा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आणि जिम हॉल यांची गिटार. ड्रम नाही, बास नाही. जुफ्री यांच्या सुरात अर्धी फुंकर असते, हवा ऐकू येते, आणि तीच त्यांची खासियत. संगणकाला मात्र फुंकर आणि हिस सारखीच दिसते. त्यामुळे हिस पूर्ण काढलेल्या प्रतीत जुफ्री यांच्या सुरातली हवाच गायब होते, स्वर प्लास्टिकसारखा गुळगुळीत उरतो. तसंच चिको हॅमिल्टन यांच्या ‘ब्लू सँड्स’चं. मऊ मॅलेटचा (गोळा लावलेल्या ड्रमकाठ्यांचा) सतत चालणारा ठेका, त्यावर एरिक डॉल्फी यांची बासरी, आणि मधली मोठी शांतता. ती शांतता निरव नको, तिथे रात्रीची हवा हवी. दोन फुंकींच्या मध्ये आवाज एकदम शून्यावर पडतोय असं वाटलं, किंवा झांजांचा नाद पाण्यात बुडाल्यासारखा गुळगुळला, तर समजा हिस काढताना कुणीतरी हात आवरला नाही. थोडी हिस राहू द्यावी हे माझं ठाम मत आहे. दोन मिनिटांत कान तिला विसरतो. गेलेली फुंकर परत येत नाही.

आणि ५.१? मोनोतून ५.१ बनवायचं तर खऱ्या माहितीचे आणखी पाच स्रोत कुठून आणणार? मूळ आवाजाला थोडा उशीर लावायचा, फिल्टरने तुकडे करायचे, कृत्रिम घुमारा मिसळायचा आणि मागे सोडायचा. ज्या मैदानाला भिंतीच नाहीत त्याला भिंती बांधायच्या. तुमची गाणारी बाई हौदात गेली ती इथे. त्यातच एकच आवाज पुढून आणि मागून थोड्या फरकाने आला की काही स्वर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून तो पोकळही होतो. डिस्कच्या मेनूत २.० किंवा मोनो असेल तर तेच निवडा. ॲम्प्लिफायरवरचे सराउंड, नाइट मोड, संवाद स्पष्ट करणारे पर्याय, सगळे बंद. प्रो लॉजिक (दोन चॅनलांचा आवाज सगळ्या स्पीकरांत वाटणारी सोय) चालू ठेवलंत तर मोनो आवाज फक्त मधल्या स्पीकरकडे जातो. तुमचा मधला स्पीकर पुढच्या दोघांच्या तोडीचा असेल तर उत्तम, नसेल तर साधा स्टिरिओ मोड ठेवून बरोबर मधे बसा.

मेनूत ‘स्टिरिओ’ लिहिलंय पण खरा आहे का, हेही घरी कळतं. ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज उघडा, एक चॅनल उलटा करा आणि दोन्ही मिसळा. खरा मोनो असेल तर जवळपास शांतता उरते. उरलेल्यात नुसता घुमारा आणि झांजांची किणकिण ऐकू आली, तर तो मोनोवर चढवलेला रंग आहे.

ट्रेबल वाढवून बसका आवाज उजळायचा मोह टाळा. जे काढून टाकलंय ते नॉब फिरवून मिळत नाही, फक्त उरलेली खरखर मोठी होते. उलट डिस्क चिरकी असेल तर ५ किलोहर्ट्झच्या वर तीनेक डेसिबल उतरवून बघा, आणि ५० हर्ट्झच्या खालचं काढून टाका. तिथे वाऱ्याच्या आणि मंचाच्या धडधडीशिवाय फारसं काही नसतं.

आता वेगाबद्दल, कारण भारतात हा घोळ फार आहे आणि याकडे कुणी लक्ष देत नाही. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो. पाल पद्धतीच्या व्हिडिओत, म्हणजे युरोपातल्या आणि आपल्याकडच्या बहुतेक जुन्या डीव्हीडींत, तो २५ चौकटींनी चालवला जातो. चित्रपट सुमारे चार टक्के लवकर संपतो आणि स्वर अर्ध्या स्वराच्या जवळपास सत्तर टक्के वर चढतो. ८५ मिनिटांचा हा चित्रपट तुमच्या प्लेअरवर ८२ च्या आत संपत असेल आणि काही कापलेलं नसेल, तर तुमच्याकडे हीच प्रत आहे. हार्मोनियम घेऊन बसा. मंक यांचा ‘ब्लू मंक’ काळी पाचला आहे. चढलेल्या प्रतीत तो पांढरी सातच्या अलीकडे जाऊन बसतो. लुई आर्मस्ट्राँग आणि जॅक टीगार्डन ‘रॉकिंग चेअर’ गातात तेव्हा आर्मस्ट्राँग यांचा गळा बारीक, घाईत वाटतो आणि गाण्यातली सुस्ती निघून जाते. ज्या गाण्याचा विषयच म्हातारपणी खुर्चीत बसून राहणं आहे, त्याचं हे फार मोठं नुकसान आहे. ब्लू-रेवर २४ चौकटी तशाच ठेवता येतात. माझ्या लेखी ब्लू-रे घेण्याचं पहिलं कारण हे. दुसरं कारण, तिथे आवाज न कापता ठेवायला जागा आहे. तरी १९२ किलोबिटांचा डीव्हीडीवरचा मोनो डॉल्बीही या आवाजाला पुरेसा आहे, तेवढ्यासाठी खर्च करू नका.

व्हीएचएस कॅसेट असेल तर ती आवाजासाठी नका ठेवू. पाल व्हीएचएसचा साधा ध्वनिमार्ग सेकंदाला सुमारे २३ मिमी सरकतो, आपल्या गाण्याच्या कॅसेटच्या निम्म्यानेच. हायफाय मार्ग असलेली कॅसेट आणि तसा प्लेअर असेल तर गोष्ट वेगळी. इंटरनेटवरच्या फुकट प्रतींत झांजा आणि टाळ्या आधी मरतात, त्यावरून या चित्रपटाबद्दल मत बनवू नका.

इंडीकलेक्ट या संस्थेने या चित्रपटाची ४के पुनर्स्थापना केली, २०१९ मध्ये ती न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात दाखवली गेली आणि किनो लॉर्बरने ती वितरित केली. अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदणीत हा चित्रपट १९९९ पासून आहे. घ्यायची तर ही प्रत घ्या. रंगांसाठी तर घ्याच, स्टर्न मुळात छायाचित्रकार, आणि ओ’डे यांच्या टोपीवरचं ऊन पाहिलं की ते कळतं. पण एक अपेक्षा ठेवू नका. ‘ब्लू मंक’च्या वर शर्यतीच्या शिडांच्या होड्यांचं चित्र आणि निवेदकाचं बोलणं चढवलंय. ते मिश्रण १९५९ च्या सुमाराला झालेलं आहे, आणि चित्रपट म्हणून तेच खरं आहे. त्याखालून मंक यांना सोडवून आणणं हे पुनर्स्थापनेचं काम नाही. शेवटी महालिया जॅक्सन ‘द लॉर्ड्स प्रेयर’ गातात तिथे आवाज कुजबुजीपासून संपूर्ण मैदानापर्यंत वाढायला हवा. कुजबुज आणि गर्जना एकाच उंचीची लागली तर कुणीतरी आवाज दाबून सपाट केलाय. नवी डिस्क दुकानातून आणल्यावर पहिल्यांदा हेच ऐका, आणि ॲम्प्लिफायरचा आवाज मधे बदलू नका.

तोवर जुनी डीव्हीडी फेकू नका. ती पाल असेल तर संगणकावर व्हीएलसी या फुकट प्लेअरमध्ये लावा. ऑडिओच्या पर्यायांत वेळ ताणण्याची सोय बंद करा, नाहीतर सूर चढलेलाच राहील. मग वेग ०.९६ ठेवा आणि मोनो ट्रॅक निवडून ‘रॉकिंग चेअर’ पुन्हा ऐका.